बंदरावरचे तीन तास

सण आला म्हणजे सुट्टी आली, असे आपण मोठ्या सहजपणे म्हणून जातो. पण आपल्या सुट्टीच्या दिवशी जगाचे काम थांबते असे थोडेच आहे? आपण गावाला निघतो तेव्हा एस.टी.चा चालक कामावर असतो. आपण मिठाईच्या दुकानापुढे गर्दी करतो तेव्हा तराजूमागचा पोऱ्या पहाटेपासून उभा असतो. आणि आपण लक्ष्मीपूजन आटोपून फटाके उडवायला अंगणात उतरतो तेव्हा बंबवाले आपापल्या गाडीपाशी जागे असतात. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या कामावर उभी असते, ही गोष्ट जुनीच आहे. तिच्यात नेहमी अन्यायच भरलेला असतो असेही नाही. आज मी तुझ्यासाठी राबावे, उद्या तू माझ्यासाठी, एवढा साधा व्यवहार तिच्यात असू शकतो. प्रश्न उभा राहतो तो त्या ‘उद्या’चा. दुसऱ्याची सुट्टी साजरी करून देणे हाच ज्याचा धंदा, त्याची स्वतःची सुट्टी केव्हा येते? आणि ती आली म्हणजे मोकळ्या मनाने तिचा आनंद घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे तो स्वतः तरी मानतो का?

हा प्रश्न सर्वत्रच आहे. परंतु तो जितका उघडावाघडा समुद्रावर दिसतो तितका जमिनीवर दिसत नाही. म्हणून आज मी तुम्हांला क्रूझच्या बोटीवर नेणार आहे. तिकिटाचा प्रवासी म्हणून मात्र नव्हे. आपण जाणार आहोत ते खालच्या मजल्यावर, जिथे काम करणारी माणसे राहतात.

मराठी वाचकाला ही माणसे अगदीच परकी नाहीत. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत किंवा गोव्यात ‘तो बोटीवर असतो’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. गोव्यात तर तारवटी हा माणसांचा एक वेगळा वर्गच आहे. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाच्या ‘कुडी’ असत. काही आजही तग धरून आहेत. एका फेरीवरून उतरलेला आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहणारा तरुण थोड्याशा पैशांत तिथे राही, आपली ट्रंक ठेवी आणि संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे सर्वांबरोबर प्रार्थनेला बसे. पूर्वी हे तरुण इंग्रजी कंपन्यांच्या प्रवासी बोटींवर वाढपी, स्वयंपाकी म्हणून जात. त्या बोटी गेल्या. त्यांच्या जागी सहलीच्या बोटी आल्या. तरुण मात्र जातच राहिले.

या सहलीच्या बोटींच्या जन्माची कथा मोठी उद्बोधक आहे. आल्बर्ट बालिन हा हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा एक कर्ता माणूस. युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या त्याच्या बोटींना हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी असे. अटलांटिक खवळलेला, थंडी कडाक्याची, कोण जाणार? लाखमोलाची जहाजे बंदरात निष्क्रिय पडून राहत आणि खर्च चालू राही. तेव्हा बालिनने १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला धाडली आणि स्वतःही तिच्यावर चढला. कुठे जायचे म्हणून नव्हे, तर नुसते हिंडून परत यायचे म्हणून लोकांनी प्रवास केला. तात्पर्य, माणसाला सुट्टी हवी म्हणून ही बोट निघाली नाही. यंत्राला सुट्टी परवडेना म्हणून ती निघाली. निवांतपणा विकणाऱ्या या धंद्याचा उगम जहाजाच्या रिकामपणाच्या भीतीत आहे. ती भीती आजही गेलेली नाही. आजची बोट सकाळी एक हजारांची झुंड उतरवते आणि त्याच दुपारी दुसरी चढवून संध्याकाळी पुन्हा समुद्रात शिरते. तिला रविवार नाही, अमावास्या नाही, पाडवा नाही.

बोट तरी केवढी! २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या बोटीवर एका खोलीत दोघे या हिशेबाने सुमारे ५,६०० प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० माणसे असतात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाने पाण्यावर चालायला लागावे तशातला हा प्रकार. पण हे एक गाव नव्हे. एकावर एक रचलेली ही दोन गावे आहेत. वरच्या गावात तलाव, नाटकगृहे, दिव्यांची आरास आणि चोवीस तास अन्न. खालच्या गावात लोखंडी भिंतींचा एक लांबच लांब बोळ, जो बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. आणि त्याच्या आसपास एकावर एक दोन बिछाने असलेल्या, बहुधा खिडकी नसलेल्या खोल्या. इंग्रजी बोटींवर या बोळाला ‘बर्मा रोड’ म्हणत. या बोळातून धोब्याकडचे कपडे जातात, बटाट्यांची पोती जातात, वाद्ये जातात आणि डोळे चोळीत पाळीवर निघालेली माणसे जातात. वरच्या गावातल्या माणसाला हे गाव सहसा दिसत नाही. दिसू नये अशीच त्याची रचना असते.

ॲरिस्टॉटलला ही रचना पाहून आश्चर्य वाटले नसते. आपण कामात गुंततो ते शेवटी निवांतपणा लाभावा म्हणून, असे त्याचे मत होते. त्याच्या मते करमणूक वेगळी आणि निवांतपणा वेगळा. करमणूक ही थकलेल्या माणसाला पुन्हा कामावर पाठवण्याचे औषध. निवांतपणा मात्र कशासाठीही नसतो, इतर सगळे त्याच्यासाठी असते. निवांतपणाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याच्यापासूनच ‘स्कूल’ हा शब्द निघाला, ही गोष्ट आमच्या मुलांना सांगितली तर त्यांना खरी वाटणार नाही! असो. विचार सुंदर आहे यात शंका नाही. पण हा निवांत नागरिक ज्या घरात बसून तत्त्वचिंतन करी त्या घरातले पाणी गुलाम भरत होते, आणि ॲरिस्टॉटलला त्यात काही वावगे वाटत नव्हते. निवांतपणा हे माणसाचे परमसुख ठरवले आणि ते थोड्यांनाच वाटून दिले. आजच्या बोटीवर गुलाम नाहीत. करारावर सही करून, पगार ठरवून आलेली ही माणसे आहेत आणि हा फरक फार मोठा आहे. तरीही मजल्यांची वाटणी पाहिली म्हणजे त्या जुन्या घराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता आपण खालच्या गावातला एक तरुण कल्पू या. त्याला नाव नको. वेंगुर्ल्याकडचा आहे, पंचविशीचा आहे, प्रवाशांच्या खोल्या आवरण्याचे काम करतो. त्याच्याकडे पंधरा-वीस खोल्या आहेत. त्या दिवसातून दोनदा आवरायच्या, आणि रात्रीच्या आवरणीत टॉवेलाचा हत्ती किंवा माकड करून पलंगावर ठेवायचे. हा हत्ती पाहून वरच्या गावातली मुले टाळ्या पिटतात. करार आठ महिन्यांचा. या आठ महिन्यांत अख्खा मोकळा असा एकही दिवस नाही. आठवड्याचे सातही दिवस काम. पण बोट बंदराला लागते, प्रवासी शहर पाहायला उतरतात, आणि दुपारच्या दोन पाळ्यांच्या मध्ये कधीमधी त्यालाही तीन तास मिळतात. त्या तीन तासांत तो उतरतो. उतरताना ओळखपत्र यंत्राला दाखवायचे, चढताना पुन्हा दाखवायचे आणि प्रवाशांच्या आधी परत यायचे.

तीन तासांत काय होते? ते बंदरावर अवलंबून आहे. चिव्हितावेक्किया नावाचे एक बंदर आहे. प्रवाशांच्या वेळापत्रकात त्याच्यापुढे ‘रोम’ असे लिहिलेले असते. पण रोम तिथून आगगाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. तीन तासवाल्याने ते कसे पाहावे? आठ महिन्यांत पंधरा वेळा ‘रोम’ला जाऊन रोम न पाहिलेली माणसे या बोटींवर सापडतील. नेपल्सचे मात्र तसे नाही. तिथे धक्का शहराला इतका खेटून आहे की फाटकाबाहेर पडले की समोर १२७९ साली बांधायला घेतलेला किल्ला उभा, पाठीमागे खाडी आणि खाडीपलीकडे व्हेसुव्हियस. इसवी सन ७९ मध्ये ज्याने अख्खी गावे राखेखाली गाडली तो हाच डोंगर. आमचा तरुण किल्ला पाहत नाही, डोंगराकडेही विशेष लक्ष देत नाही. पहिला तास तो फुकट इंटरनेट मिळेल अशी जागा शोधण्यात आणि घरी पैसे पोचले की नाही हे पाहण्यात घालवतो. मग साबण, दाढीचे पाते, तयार नूडल्स. मग उरलेल्या वेळात तो एका लहानशा कॉफीच्या दुकानात शिरतो आणि फळीपाशी उभा राहून एक घोट कॉफी पितो. कोणी त्याला हाक मारीत नाही. कोणाला ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे लागत नाही. आठ महिन्यांत प्रथमच दुसऱ्या कोणीतरी त्याच्यापुढे पेला ठेवलेला असतो.

तेवढ्यात फोन वाजतो. उन्हाळ्यात नेपल्समध्ये अडीच वाजले की आपल्याकडे सहा वाजतात. म्हणजे घरी दिवेलागणीची वेळ.

“खंय आसस रे?” आई विचारते.

“बोटीरच आसय,” तो म्हणतो.

“जेवलंस काय?”

“होय गे आये. तुझो गुडघो कसो आसा?”

“माका काय धाड भरली? बरो आसा.”

फोन बंद होतो. या चार वाक्यांत दोन खोटी विधाने आहेत. आईचा गुडघा बरा नाही, आणि मुलगा बोटीवर नाही. आईचे खोटे आपल्याला लगेच कळते. तिने ते मुलाला काळजी नको म्हणून बोललेले आहे आणि असल्या खोट्याला आपण मनातल्या मनात नमस्कार करतो. मुलाचे खोटे मात्र जरा विचार करण्याजोगे आहे. त्याने कसला गुन्हा लपवला? एक कॉफी! वस्तुतः त्याला लपवायची होती ती कॉफी नव्हे. त्या घटकेला आपण सुखात होतो ही गोष्ट लपवायची होती. घरी गुडघा दुखतो आहे, भावाची फी भरायची आहे, माडीचे काम अर्धे राहिले आहे, आणि आपण इथे समुद्राकाठी उभे राहून कॉफी पितो हे त्यालाच कुठेतरी चोरीसारखे वाटले.

ही चोरी आहे का? माझ्या मते आजच्या निबंधाचा खरा प्रश्न हाच आहे.

चोरी आहे असे म्हणणारा पक्ष अगदीच दुबळा नाही. तो म्हणेल की, जो माणूस घरासाठी दूर गेला त्याचा वेळ आणि पैसा घराचाच झाला. कर्तव्य अर्धे राहिले असताना सुख भोगणे शोभत नाही. आपल्या संस्कारांत हे फार खोल रुजलेले आहे. मधल्या सुट्टीत हसणारा कारकून, पेरणीच्या दिवसांत तमाशाला गेलेला गडी आणि सासरी मनमोकळे गाणारी सून, यांच्याकडे आपण ज्या नजरेने पाहिले त्या नजरेत हाच न्याय होता. या न्यायाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे: त्याच्यामुळे पुष्कळ घरे उभी राहिली. परंतु त्याच्यात एक मोठी खोट आहे. कर्तव्य कधी संपत नसते. भावाची फी झाली की बहिणीचे लग्न, ते झाले की माडी, माडी झाली की म्हातारपण. ‘सगळे झाल्यावर’ सुखी होईन म्हणणाऱ्याच्या आयुष्यात ते ‘झाल्यावर’ सहसा येत नाही. शिवाय त्या कॉफीने कोणाचे काय नेले? आईचा गुडघा त्या तासात मुलगा दुःखी राहिला असता तरी तेवढाच दुखला असता. ज्या सुखामुळे दुसऱ्याच्या पानातला घास कमी होत नाही त्या सुखाला चोरी म्हणता येत नाही.

दुसरा पक्ष जास्त हुशार आहे. तो म्हणतो, “छे, छे, त्याने अवश्य विश्रांती घ्यावी! विश्रांती घेतलेला माणूस चांगले काम करतो.” हा मालकाचा पक्ष. ऐकायला गोड, पण यात विश्रांती ही यंत्राला घातलेल्या तेलासारखी होते. तेल यंत्रासाठी घालतात. तेलाचा आनंद यंत्राने घ्यावा अशी कोणाची अपेक्षा नसते.

इथे आपल्या भाषेकडे थोडे पाहावे. मराठीत आपण तीन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो: विश्रांती, रजा आणि सुट्टी. पण ते तिघे सख्खे भाऊ नव्हेत. ‘विश्रांती’त श्रम दडलेला आहे, श्रमानंतर येते ती विश्रांती, आणि ती श्रमासाठीच असते. ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला; त्याचा मूळ अर्थ संमती. रजा कोणीतरी द्यावी लागते आणि देणारा ती नाकारूही शकतो. ‘सुट्टी’ मात्र आपल्या साध्या ‘सुटणे’ या क्रियेतून आली. शाळेची घंटा होते आणि मुले दारातून धावत सुटतात, तो सुटण्याचा क्षण तिच्यात आहे. मालक विश्रांतीला तयार असतो. सरकार रजा मिळवून देऊ शकते. पण सुट्टी माणसाला स्वतःलाच घ्यावी लागते; मनातून सुटल्यावाचून ती मिळत नाही. आमच्या तरुणाला विश्रांती मिळाली होती, रजाही मिळाली होती. ‘बोटीरच आसय’ म्हणताना त्याने स्वतःच्या हाताने सुट्टी परत केली.

रजा मिळवून देणे हेही काही सोपे काम नव्हते, हे विसरता कामा नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कुठे १८९० साली मालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, हा आधारही त्या मागणीला होता. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाला ठाऊक होते की, कामगाराला एक दिवस केवळ पाठ टेकायला नको आहे. माणसांत बसायला, आपले चार विचार करायला हवा आहे. समुद्रावरच्या माणसाला असा रविवार नाही. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली एक करार केला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असा त्यातला एक दंडक आहे. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ वजा करून किती उरतात हे वाचकांनीच पाहावे. पण त्याच करारात एक छोटेसे कलम आहे: खलाशांना त्यांच्या आरोग्यासाठी आणि स्वास्थ्यासाठी किनाऱ्यावर उतरण्याची रजा द्यावी, अर्थात कामाच्या गरजा सांभाळून. हे ‘सांभाळून’ बरेच काही गिळू शकते हे खरे. तरी मला त्या कलमाचे मोल वाटते. किनाऱ्यावर पाय टेकणे ही माणसाची गरज आहे, चैन नव्हे, हे तिथे जगाने लिहून ठेवले आहे.

ही गरज किती खरी आहे हे २०२० साली दिसले. त्या मार्चमध्ये साथीमुळे सहलीच्या बोटी थांबल्या. प्रवासी उतरून घरी गेले. कामाची माणसे बोटीवरच राहिली. देशांनी दारे बंद केली होती. मनिलाच्या उपसागरात बोटींचा तांडा नांगर टाकून उभा राहिला. मुंबईच्या किनाऱ्याजवळही घरी परतू पाहणारी माणसे परवानगीची वाट पाहत थांबली. मालवाहू बोटी धरून त्या वर्षाच्या अखेरीस जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही समुद्रावर अडकले होते. सहलीच्या बोटींवर तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. कित्येक ठिकाणी खालच्या गावातल्या माणसांना वरच्या गावातल्या खोल्या मिळाल्या. सज्जा, मऊ पलंग, समोर समुद्र, आणि काम थोडे किंवा मुळीच नाही. ज्या सुखासाठी लोक पैसे मोजतात ते सारे सुख! आणि समोर किनाऱ्यावरचे दिवे दिसत असताना माणसे आतून खचत होती. यावरून एक गोष्ट नक्की समजावी. सुट्टी ही रिकामपणात नाही, पलंगात नाही, देखाव्यातही नाही. निघून जाता येणे आणि आपल्या माणसांकडे परतता येणे, या दोन गोष्टींवर ती उभी असते. फळीपाशी उभा राहून प्यालेली ती एक घोट कॉफी त्या सज्जातल्या आठ आठवड्यांपेक्षा मोठी सुट्टी होती.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘पाहा, तीन तासांतही माणूस किती आनंदी होतो!’ असे म्हणून कोणी त्या तीन तासांवरच समाधान मानायला सांगेल, तर तो लबाड आहे असे समजावे. ‘मी तिथे सुखात होतो’ असे म्हणण्याचा अधिकार त्या तरुणाचा आहे. ‘तो तिथे सुखात आहे’ असे म्हणून पगार आणि पाळी यांचा प्रश्न मिटवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचाही नाही. एकच वाक्य, पण बोलणारा बदलला की त्याची नीती बदलते. प्रवाशानेही हे ध्यानात ठेवावे. त्याने सहलीला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. त्याच्याही मागे वर्षभराचे कष्ट असतात, आणि तो गेला नाही तर वेंगुर्ल्याच्या घरातली चूल त्यामुळे अधिक पेटणार नाही. पण खोली आवरणाऱ्या मुलाला ‘तुझी मजा आहे बुवा, फुकटात जग पाहतोस!’ असे तरी त्याने म्हणू नये. त्याचे नाव विचारावे, ते लक्षात ठेवावे आणि त्या नावाने हाक मारावी. टॉवेलाच्या हत्तीला पाहून टाळ्या वाजवताना तो ज्या हातांनी केला त्या हातांकडे एकदा पाहावे.

पण आपला मुख्य प्रश्न त्या फोनवरच्या खोट्याचा होता. सुख चोरी नव्हे, हे झाले. मग ते लपवण्यात काय बिघडले? आईला वाईट वाटू नये म्हणूनच ना लपवले? मला वाटते, बिघडते ते असे. मुलगा आपले सुख लपवतो, आई आपले दुःख लपवते. दोघेही प्रेमापोटीच लपवतात, आणि हळूहळू दोघांनाही एकमेकांचे काहीच ठाऊक नसते. घराला मुलगा म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा एक आकडा उरतो आणि मुलाला घर म्हणजे गरजांची एक यादी. आठ महिन्यांनी तो परत येतो तेव्हा दोन परकी माणसे एका ताटात जेवायला बसतात. त्याने जर सांगितले असते, “आये, आज कॉफी पियालंय, डोंगर बघितलंय, मजा इली,” तर आईला क्षणभर गुडघा जास्त दुखला असता असे मानू. पण मला आयांचा जो अनुभव आहे त्यावरून सांगतो, त्या रात्री तिने शेजारणीला बोलावून नेपल्सचे वर्णन केले असते. आणि मुलाने आपले खरे सांगितल्यावर कदाचित तिनेही गुडघ्याचे खरे सांगितले असते.

यावर कोणी म्हणेल की, आईचे ठीक आहे. पण बायकोचे काय? दोन मुले, सासू आणि अर्धी माडी सांभाळणाऱ्या स्त्रीला नवऱ्याच्या कॉफीची हकीकत ऐकून आनंद व्हावा, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? आक्षेप रास्त आहे. तिच्या दिवसाला कुठलेच बंदर नाही. परंतु याचा इलाज नवऱ्याने बोटीत कोंडून घ्यावे हा नव्हे. एकाकडे दिवा आहे आणि दुसऱ्याकडे नाही म्हणून आहे तो विझवायचा नसतो. तिलाही तीन तास कसे मिळतील हे पाहायचे असते.

आणि या बाबतीत, आश्चर्य वाटेल, पण ती लोखंडी बोट आपल्या घरांपेक्षा अधिक न्यायी आहे. बोट बंदरात असताना आग लागली, पाणी शिरले, तर सांभाळायला काही माणसे बोटीवर राहावीच लागतात. हे राहणे पाळीपाळीने असते. त्याची यादी भिंतीवर लागते. आज तू राहिलास, पुढच्या बंदरात मी राहीन. नेपल्सला ज्याची पाळी आली त्याला बार्सिलोनाला उतरायला मिळते. सबंध करारभर एकच माणूस कधी उतरला नाही, असे झाले तर ते त्या खालच्या गावातही अन्यायाचे मानले जाईल. आता आपल्या घरांकडे पाहावे. दिवाळीच्या चार दिवसांत घर बंदराला लागते. मुले सुटतात, पुरुष सुटतात, पाहुणे येतात-जातात. चकलीचा सोऱ्या, करंज्यांची परात, पहाटेचे पाणी, उटणे, दुपारची पंगत, रात्रीची उष्टी, या साऱ्यांपाशी बोटीवर राहते कोण? वर्षानुवर्षे तीच. यादी भिंतीवर कधी लागलीच नाही. कारण नाव एकच असल्यावर यादी कशाला हवी? आणि तिला विचारावे तर ती म्हणते, “मला कसली हौस? मी घरातच बरी.” म्हणजे तीही म्हणते, बोटीरच आसय. फरक एवढाच की तिचे म्हणणे खरे असते.

जनाबाई दळायला बसली की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावी, अशी आपल्याकडे कथा आहे. या कथेत भक्तीचा महिमा तर आहेच. पण मला तिच्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. देव तिला ‘तू फार थकलीस हो’ असे सांगून गेला नाही. तो खाली बसला आणि त्याने खुंटा धरला. दुसऱ्याच्या श्रमाविषयी नुसते हळहळण्यापेक्षा त्याची एक पाळी आपण घेणे, हेच अधिक उपयोगाचे असते.

ही दिवाळी तुम्ही वाचत असाल तेव्हा पुष्कळशा बोटी भूमध्य समुद्राचा हंगाम संपवून अटलांटिक ओलांडायच्या तयारीत असतील. त्या वाटेवर सहा-सात दिवस बंदर लागत नाही. आमचा तरुण नरकचतुर्दशीला पहाटे उठेल तो अभ्यंगासाठी नव्हे. पायाखाली फोडायला कारीट नसेल. खालच्या गावातल्या जेवणघरात कोणीतरी खटपट करून शिरा किंवा पोहे करील, कोणीतरी विजेवरचा दिवा लावील, आणि केरळचा, गोव्याचा, मणिपूरचा, फिलिपाइन्सचा असे सारे मिळून दहा मिनिटे सण करतील. मग घंटा होईल आणि ज्याची त्याची पाळी सुरू होईल.

त्याच्यासाठी आपण इथून फार काही करू शकणार नाही. पण त्याचा फोन आला तर ‘पैसे पोचले’ हे सांगून झाल्यावर त्याला एवढे विचारता येईल की, गेल्या बंदरात काय पाहिलेस? आणि त्याने ‘काही नाही, बोटीवरच होतो’ असे सांगितले, तर लगेच विश्वास ठेवू नये. पुन्हा एकदा विचारावे. मग फोन ठेवून स्वयंपाकघरात जावे, सोऱ्या आपल्या हातात घ्यावा आणि तिथे उभी असलेल्या बाईला तीन तास घराबाहेर जायला सांगावे. ती नाही म्हणेल. तिलाही पुन्हा एकदा सांगावे.